इलेक्ट्रिक गाडी आणि रस्त्याचा पैसा: ठाण्यात काही महिने चालवल्यावर

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेला इलेक्ट्रिक गाडी घेतली. राहायला कासारवडवली, ऑफिस महापे. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्जर आहे, रात्री लावायचा आणि सकाळी काढायचा. शहरात रेंज समाधानकारक मिळते. समृद्धी महामार्गावर १२० ला धरली की चार्ज भराभर उतरतो, १०० वर आणली की सावरतो. पिकअप, आवाज, एसी यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय, आणि त्यात माझी काही तक्रार नाही. मला लिहायचंय ते रस्त्याच्या पैशाबद्दल. गाडी आल्यापासून हाच विषय डोक्यात आहे.

पेट्रोल भरताना आपण रस्त्याचे पैसे भरतो, हे पंपावर कधी जाणवत नाही. एप्रिल २०२५ पासून केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला २१.९० रुपये झालं, त्यात रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकरही धरलेला आहे. त्यावर राज्याचा व्हॅट. ठाणे, नवी मुंबईत तो १ जुलै २०२४ पासून २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये. २०२५ मध्ये दोन्ही मिळून लिटरमागे चाळीस रुपयांच्या वर जात होते. इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि माझ्यापुरतं हे सगळं एका दिवसात बंद झालं. मोटार वाहन कर माफ. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर टोलही माफ.

आता माझा मेहुणा बघा. बदलापूरहून महाप्याला रोज बाइकनं येतो. बाइक लिटरला पन्नासच्या आसपास देते, म्हणजे त्या दरानं किलोमीटरमागे ऐंशी पैशांहून जास्त कर तो भरतो. पाऊस डोक्यावर घेत, खड्डे चुकवत. मी दीड टनाची गाडी एसी लावून त्याच शिळफाट्याच्या रस्त्यानं नेली तरी पेट्रोलच्या करापोटी एक पैसा देत नाही. विजेच्या बिलात शुल्क असतं, पण ते रस्त्यासाठी म्हणून घेतलेलं नसतं. गणपतीत तो म्हणाला, "दाजी, रस्ता तुम्ही वापरताय आणि पैसे मी भरतोय." हे वाक्य मला लागलं, कारण ते शब्दशः खरं आहे.

यावर मला उपाय दिसतो तो इंधनावरच्या कराऐवजी किलोमीटरप्रमाणे रस्त्याचे पैसे घेण्याचा. हे आपल्याकडे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी एकदा आमण्याहून समृद्धीवर चढावं. आमणे भिवंडी तालुक्यात, ठाण्याहून जवळच. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमचं सिन्नरला जाणं सोपं झालं. माफी सुरू व्हायच्या आधी मी तिथे टोल भरलाय. चढताना फास्टॅग वाचला जातो, पैसे कापले जात नाहीत. सिन्नरला उतरताना नाक्यावर रक्कम दिसते आणि फाटक उघडतं. कारला तेव्हा किलोमीटरला २.०६ रुपये दर होता. जितकं चाललात तितकं दिलंत. टोल देताना मला पहिल्यांदाच हिशेब पटला. राष्ट्रीय महामार्गांचा २०२५ मध्ये ३००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास याच्या अगदी उलट आहे. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, त्यात तुम्ही दहा किलोमीटर गेलात की शंभर याला किंमत नाही.

सरसकट एकच दर मात्र मला मान्य नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात गाड्या अडकल्या की पेट्रोलवाल्याचं इंजिन जळत राहतं आणि उभ्या उभ्या त्याचा कर वाढतो. म्हणजे कोंडीच्या वेळी रस्ता अडवण्याची किंमत इंधनकर थोडीफार वसूल करतोच. नुसते किलोमीटर मोजले तर ती जाते. म्हणून गर्दीच्या वेळी घोडबंदरवर दर जास्त आणि दुपारी कमी असावा.

दुसरा मुद्दा वजनाचा. रस्ता खचतो तो मुख्यतः अॅक्सलवरच्या भारानं, आणि भार दुप्पट झाला की नुकसान ढोबळमानानं सोळा पट होतं. जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर घोडबंदरनं जातात. त्यांचा आणि माझ्या मेहुण्याच्या बाइकचा दर एका पट्टीनं मोजून कसं चालेल? बदलापूर, टिटवाळ्याला राहणारा हौसेनं लांब राहत नाही, ठाण्यात घर परवडत नाही म्हणून राहतो. दुचाकीला दर नाममात्रच हवा.

गाडी कुठे कुठे गेली हे सरकारला कळेल, ही भीती रास्त आहे. पण साध्या दरासाठी जीपीएसची गरजच नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्या १९७८ पासून अंतराचे पैसे आगाऊ भरतात. हजार हजार किलोमीटर विकत घ्यायचे आणि मीटरचं रीडिंग त्याच्या आत ठेवायचं. १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या, हलक्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर. आपल्याकडे विम्याचं नूतनीकरण करावंच लागतं, तेव्हा ओडोमीटरचं रीडिंग घेता येईल. गर्दीच्या वेळचा जादा दर घ्यायला ठरावीक कमानींवर फास्टॅग वाचला तरी पुरे.

गाडी घ्यावी का? घरी चार्जर लावता येत असेल तर जरूर घ्या. फक्त हिशेब मांडताना टोलमाफी आणि करमाफी कायमची धरू नका. मी रस्त्यासाठी किलोमीटरला एक रुपया वेगळा धरून पाहिला, तरीही जुन्या पेट्रोल गाडीच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. हा रुपया कुणी मागितला तर मी आजपासून द्यायला तयार आहे.