स्वस्त तिकिटावर बरी सीट: आधी पैसे भरावेत की काउंटरवर मागावी?

आमच्या विमानाने ठाणे-नागपूर फेऱ्या वर्षाला चार-पाच तरी होतात आणि तिकीट असतं सगळ्यात स्वस्तातलं. त्यामुळे दोन्ही प्रकार करून झालेत. बुकिंग करतानाच सीटचे पैसे भरले आहेत, आणि मिळेल ती सीट घेऊन काउंटरवर बदलूनही मागितली आहे.

पैसे भरले की डोक्याला ताप राहत नाही, हे खरं. सगळ्यांना एका रांगेत बसायचं असेल तर तेच बरं. फक्त लहान मुलासाठी भरणार असाल तर जरा थांबा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्या, असं विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने २०२४ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे.

माझं मन फिरलं ते आईमुळे. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय फार वेळ दुमडून ठेवता येत नाही. म्हणून मी मुद्दाम पैसे भरून पुढची ‘सी’ सीट घेतली होती. पॅसेज ‘सी’च्या उजव्या हाताला येतो, त्यामुळे उजवा पाय थोडा बाहेर काढता येतो. (डावा गुडघा दुखत असेल तर ‘डी’ घ्या.) विमानतळावर बॅग द्यायला गेलो, तर बोर्डिंग पासवर २४ई. मागची, तीही मधली. विमान बदललं होतं आणि नव्या विमानात सीट आपोआप वाटल्या गेल्या होत्या. साधा मेसेजही नव्हता. पैसे परत मिळाले, पण तीन ईमेल आणि दोन फोन केल्यावर. माझ्या लेखी पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही, की ज्या कारणासाठी ते भरले त्याची नोंद कुठेच नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने मात्र आईच्या हातातली काठी पाहिली. ‘आजी, कुठला गुडघा?’ असं विचारून तिने दोन मिनिटं स्क्रीन पाहिली, जुना पास फाडला आणि ३सी हातात ठेवला. वेगळे पैसे नाहीत.

तेव्हापासून मी वेब चेक-इन (घरूनच ऑनलाइन चेक-इन) करून टाकतो, मिळेल ती सीट घेतो आणि काउंटरवर विचारतो. चेक-इनच केलं नाही आणि विमान ओव्हरबुक (जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेलं) निघालं तर आपलीच पंचाईत, म्हणून ते चुकवत नाही. काउंटरवर बोर्डिंग पासचे वेगळे पैसे घेऊ नका, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलंय, तेव्हा तिथे जायला संकोच नको. ‘चांगली सीट द्या’ म्हणण्यापेक्षा ‘पुढे आयल (पॅसेजकडची सीट) आहे का? नसेल तर राहू दे’ असं नेमकं विचारावं. विकली न गेलेली सीट दार बंद झाल्यावर कंपनीच्याही कामाची नसते, म्हणून बऱ्याचदा मिळते. कधी ‘पैसे भरावे लागतील’ असंही ऐकावं लागतं. इमर्जन्सी एक्झिटची रांग ज्येष्ठांना देत नाहीत. आणि एअरबस ए३२० विमानात तशा दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेतल्या सीटची पाठ मागे झुकत नाही, हे उंच माणसांनी लक्षात ठेवावं.

विमानात बसल्यावर एअर होस्टेसला विचारणं हा शेवटचा उपाय. तोवर वरचे कप्पे भरलेले असतात, बॅग एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. संध्याकाळचं विमान असेल तर पातलीपाड्याहून कापूरबावडीपर्यंतच इतका वेळ जातो की काउंटर बंद होण्याआधी, म्हणजे उड्डाणाच्या तासभर आधी पोचलो तरी पुष्कळ. तेव्हा मागायला सवड कुठली? अशा वेळी पैसे भरणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पहाटे चारला मात्र पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असतो, दोन तास आधी आरामात पोचता येतं.

आईचं पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. पहाटेचं, सीटचे पैसे न भरता.