स्प्लेंडरचं लॉकवालं झाकण: वरून बंदोबस्त, खालून वाट मोकळी

नागपुरात सीए रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी टाकीचं झाकण मागितलं तर मालकाने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक १८० रुपयांचं लोकल, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन चाव्यांसकट. दुसरं ४२० चं, खोक्यातलं. आणि तिसरा ८५० चा अख्खा लॉक सेट, म्हणजे इग्निशन, झाकण आणि साइड पॅनेल, सगळं एकाच चावीवर. मी ४२० वालं उचललं. बिल मागितल्यावर मालकाने माझ्याकडे जरा दुःखाने पाहिलं, पण दिलं.

माझी गाडी २०११ च्या सुरुवातीची, टाकीवर हीरो आणि होंडा अजून एकत्र नांदतात. तिच्या मूळ झाकणाचं कुलूप इतकं झिजलं होतं की शेजारच्या ॲक्टिव्हाची चावी तर लागायचीच, घरातल्या कपाटाचीही लागायची. स्प्लेंडर जुनी झाली की हे होतंच. इग्निशनची तर चावी चालत्या गाडीतून हाताने काढता येते आणि गाडी बिनधास्त चालत राहते. हनुमाननगरात आमच्या बिल्डिंगचं पार्किंग म्हणजे गेट नसलेलं अंगण. मी संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेतो, गाडी रात्री उशिरा लागते आणि सकाळपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. पेट्रोल भरून दोन-तीन दिवस होत नाहीत तर गाडी रिझर्व्हला यायला लागली, तेव्हा संशय आला. पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून चोराच्या दृष्टीने आमचं अंगण म्हणजे फुकटचा पंपच.

झाकण घेऊन मेकॅनिककडे गेलो तर तो हसायला लागला. "सर, वरून कोन काढते पेट्रोल? खालून नळी ओढली का बाटली भरली. झाकन उघडाचं काम काय हाये त्याले?" मग त्याने टाकीखालच्या कॉकजवळ, म्हणजे पेट्रोलच्या तोटीजवळ, टॉर्च मारून दाखवला. नळीवरची तारेची क्लिप वर सरकलेली होती आणि रबराचं टोक पुन्हा पुन्हा ओढल्यासारखं फाटलेलं. म्हणजे माझं पेट्रोल कपाटाच्या चावीने गेलंच नव्हतं.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीची ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. टाकीच्या पोटाला कॉक असतो, त्यातून पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. कॉक बंद करून ठेवला तरी काय, ज्याचा हात तिथे पोहोचतो तो दोन बोटांनी सुरू करतो. रिझर्व्हवर फिरवला की उरलंसुरलंही जातं. याच्यावर मेकॅनिकने केलेला इलाज असा: नवी नळी आणि तारेच्या क्लिपऐवजी स्क्रूने आवळायची क्लिप. खर्च झाकणाच्या पाव हिश्शाचाही नाही. पक्का चोर पान्हा-स्क्रूड्रायव्हर घेऊन येईलच, पण रात्री पाणी पिऊन झालेली बाटली घेऊन फिरणारा हौशी गडी येत नाही. आमच्याकडचा हौशीच होता, कारण त्यानंतर गाडी वेळेआधी रिझर्व्हला आलेली नाही.

एप्रिल २०२० पासून धुराबद्दलचा बीएस-६ चा नियम आला आणि स्प्लेंडरसकट बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्यात पंप टाकीच्या आत असतो, चावी लावल्याशिवाय तो चालत नाही आणि बाहेर फिरवायला कॉकच नसतो. खालची वाट जवळजवळ बुजली, म्हणून तिथे वरचं कुलूप खऱ्या अर्थाने कामाचं. पण त्या गाड्यांना ते कंपनीतूनच येतं, वेगळं घ्यायची गरज नाही. उलट त्यांच्यात पेट्रोलची वाफ कॅनिस्टरकडे, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या डब्याकडे, नेण्याची सोय असते, त्यामुळे बाजारातलं कुठलंही झाकण बसतंय म्हणून बसवू नका. बिनकुलुपाचं झाकण घेऊन फिरणाऱ्या गाड्या वेगळ्याच आहेत. माझ्या एका मित्राची जुनी बुलेट आहे, तिचं झाकण नुसतं पिळलं की हातात येतं. हार्लेच्या कित्येक मॉडेलांनाही साधं फिरकीचं झाकण असायचं आणि कुलूपवालं ॲक्सेसरी म्हणून वेगळं विकत घ्यावं लागायचं. एवढ्या लाखांच्या गाडीला कुलूप वेगळं, हे आमच्या इतवारीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. बुलेटवाल्यांनी मात्र घ्यावंच, कारण तिथे चोरीला पेट्रोल नाही, आधी झाकणच जातं.

आता ४२० रुपयांच्या वस्तूबद्दल. कुलूप चांगलं आहे. चावी फिरवताना कटकन बसते, आणि झाकण पूर्ण बसून लॉक झाल्याशिवाय चावी निघतच नाही. पंपावर घाईत झाकण सीटवर ठेवून निघून जाणाऱ्यांसाठी हे वरदान, कारण दोन्ही चाव्या एका कडीत असल्या तर गाडीची चावीही झाकणातच अडकलेली असते. पण दुसरी बाजू अशी की आता माझ्या खिशात दोन चाव्या, एक गाडीची, एक झाकणाची. मागे रांगेतले हॉर्न वाजवत असतात आणि मी हेल्मेटच्या काचेतून दोन सारख्या दिसणाऱ्या चाव्यांमधली बरोबर कोणती ते शोधतो. इग्निशनही झिजलं असेल तर सरळ ८५० चा सेट घ्या. मला माझं इग्निशन बदलायचं नव्हतं, कारण ती चावी मला सवयीची झाली आहे. हा शुद्ध हट्ट आहे, सल्ला नाही.

कुलुपापेक्षा मी दोन गोष्टी जास्त पाहिल्या, आणि तुम्हीही पाहा. पहिली हवेची वाट. झाकणात बारीक छिद्र किंवा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल खाली गेलं की त्यातून हवा आत येते. ते नसेल किंवा बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरणं थांबतं आणि गाडी वर्धा रोडवर धापा टाकत बंद पडते. झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. लोक मग प्लग बदलतात, कार्ब्युरेटर साफ करतात, आणि दोष असतो झाकणात. मेकॅनिकने दोन्ही झाकणांची परीक्षा घेतली (दुकानदाराने १८० वालं बघायला दिलं होतं). झाकण घट्ट लावायचं, कार्ब्युरेटरकडची नळी काढून कॅनमध्ये सोडायची आणि धार बघत बसायचं. खोक्यातल्या झाकणाची धार शेवटपर्यंत एकसारखी राहिली. लोकलची आधी जोरात, मग बारीक, मग ठिबक. ते झाकण त्याच दिवशी परत गेलं.

दुसरी गोष्ट रबर. वायसर दाबून पाहा, मऊ आणि सलग हवं. जुन्या झाकणाचं रबर कडक पापडासारखं झालं होतं, टाकी गच्च भरून ब्रेक मारला की पेट्रोल टाकीवर ओघळायचं आणि रंग उडायचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय आणि ते काही जातीच्या रबराला फुगवतं, त्यामुळे स्वस्तातलं रबर टिकेल अशी आशा ठेवू नका. नवं अजून तरी बसल्या जागी आहे. उन्हाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरू नये हे झाकण कुठलंही असो. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश नोंदले गेलेत, तशा उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल फुगायला जागा लागते.

टाकीत कोणी काही टाकेल ही भीती, विशेषतः साखरेची, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना फार. भांडण झालं की लोक साखर टाकतात आणि इंजिन जाम होतं, असं त्यांचं ठाम मत. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तळाशी बसते, फार तर कॉकची जाळी बुजवते. टाकी धुतली की झालं. खरा त्रास पाण्याचा. ते पेट्रोलपेक्षा जड, तळाशी जाऊन बसतं आणि कॉकचं तोंड तिथेच. वरून इथेनॉलला पाण्याची ओढ. पाणी पुरेसं शिरलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि गाडी खोकायला लागते. इथे कुलूप खरंच कामाला येतं, अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातात पाइप असतो आणि झाकण सहज निघालं तर आत काय जाईल सांगता येत नाही. पण कुलूप म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. झाकण लॉक होतं, तरी टाकीतून पाणी निघालं. हवा जाते तिथून पाणीही जातं.

पोलिसात जा, असंही एकाने सुचवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी करणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने ऐवज किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. कल्पना मला आवडली, आमचं अंगण झाडून घेता आलं असतं. पण तो सापडायला पाहिजे नं.

या झाकणाला पाचपैकी साडेतीन. दीड गुण दुसऱ्या चावीचा आणि चावीच्या भोकावरच्या झडपेचा कापला. ती झडप पातळ पत्र्याची आहे, धुळीने अडकते आणि पावसात अर्धी उघडी राहते. तिच्यात तेल सोडू नका, तेलाने धूळ आणखी चिकटते. पेन्सिलीचं शिसं खरवडून ती भुकटी चावीला लावा आणि दोनदा फिरवा. आणि दुकानातून निघायच्या आधी दोन्ही चाव्या झाकणात लावून पाहा. माझी दुसरी चावी जरा कुरकुरत होती, मालकाने तिथेच कानस फिरवून दिली, पैसे घेतले नाहीत.