मंद्रातला पंचम ऐकायचा होता

बाबांची जुनी म्युझिक सिस्टिम दिवाळीत बंद पडली ती पडलीच, म्हणून नवी शोधायला निघालो. कपाटात दोनशेच्या वर सीड्या, त्यातला एक अख्खा कप्पा इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. इंदूरच्या माणसाला त्यात नवल वाटू नये. त्यामुळे सीडी वाजलीच पाहिजे ही पहिली अट. लोकमान्य नगरातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावली पाहिजे, ही दुसरी.

पहिल्या दुकानात साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, लावून दाखवला. "मॅडम, बेस सुनिए!" खिडकीची काच थरथरली. बाबांनी आपली सीडी पुढे केली, तर ती लावायची सोयच नव्हती. खोक्यावर हजारो वॉट छापले होते, पण पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे. त्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, किती ते विचारा.

दुसऱ्या दुकानात मात्र तासभर निवांत बसू दिलं. डेनॉनचा आरसीडी-एम४१ हा सीडी रिसीव्हर (सीडी प्लेअर, रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात) आणि त्यावर आलटूनपालटून स्पीकरच्या चार जोड्या ऐकल्या. एका जोडीवर सतार झळकायची, पण बायाँचा, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा, घुमारा गायब. आमची कसोटी मंद्र सप्तकाची, म्हणजे खालच्या सुरांची. हार्मोनियमची पहिली काळी पट्टी (काळी एक) सा धरली तर मंद्रातला पंचम, म्हणजे खालचा प, १०४ हर्ट्‌झला येतो आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ६९च्या आसपास. लहान स्पीकर नेमके तिथेच दम तोडतात. क्यू अकूस्टिक्सच्या ३०२०आय या जोडीवर आलाप खाली उतरला तरी आवाजाचं वजन गेलं नाही. खालचे सूर वाजवणारा वूफर जेमतेम १२५ मिलिमीटरचा आहे, तरीही. बाबांनी डोळे मिटले, तेव्हाच मी ठरवलं.

दोन्ही मिळून खर्च स्कूटीच्या किमतीपर्यंत गेला. डेनॉनचे चॅनलला ३० वॉट आमच्या खोलीला भरपूर होतात. एफएम आहे, ब्लूटूथ आहे, आणि बाबांचा कॅसेट डेक जोडायला मागे जागाही आहे. एलपी वाजवणाऱ्यांना फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण आवाज वाढवणारी डबी, वेगळा घ्यावा लागेल.

घरी आणल्यावर दोन दिवस मी रडकुंडीला आले होते. सगळं तेच, पण आवाज पोकळ. "खाँसाहेब भिंतीत गेले गं," बाबा म्हणाले. महाराणी रोडवरून आणलेली तांब्याची वायर एका स्पीकरला उलटी लागली होती, लालच्या जागी काळी. ती बदलल्याबरोबर गळा बरोब्बर मधोमध आला. दोन्ही स्पीकर आणि बाबांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीला आणले. या स्पीकरचा पोर्ट, म्हणजे हवा बाहेर पडायचं भोक, मागे असतो, त्यामुळे भिंतीला चिकटवले की खालचा आवाज फुगतो. आमच्याकडे वीतभरच जागा सुटत होती, म्हणून सोबत आलेली फोमची बुचं पोर्टमध्ये बसवली. पुस्तकांच्या फळीवर ठेवणाऱ्यांनी ती फेकून देऊ नयेत.

काल रात्री खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, झूमरा ताल लावला होता. चौदा मात्रांचं ते लांबलचक आवर्तन, बाबांची बोटं मांडीवर चाललेली. सम आली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलास ना बायाँ?"

ऐकला. मी पहिल्यांदाच ऐकला.