थर्ड वर्ल्ड फार्मर की आयिती?

सुटीत अमळनेरला आलेल्या भाच्याला गरिबीवरचे हे दोन्ही कॉम्प्युटर गेम लावून दिले. 'थर्ड वर्ल्ड फार्मर' डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. शेत आफ्रिकेतलं, पैसे तुटपुंजे. एका चालीत एक वर्ष: काय पेरायचं, कोणतं जनावर घ्यायचं ते ठरवा, मग दुष्काळ नाहीतर यादवी. दोनदा पीक गेल्यावर पोरगं म्हणालं, "मामा, आते काय करानं?" बोंडअळी आली की आमच्या ओट्यावर हेच ऐकू येतं. पण गेममध्ये संकट बहुतेकदा आभाळातून पडल्यासारखं येतं. कापूस मोजताना व्यापारी धरतो ती कट्टी, म्हणजे वजनातली कपात, मला कुठे दिसली नाही.

२००६ चा 'आयिती' हैतीतला. ग्लोबल किड्स या संस्थेने शाळकरी पोरांना सोबत घेऊन गेमलॅब या गेम बनवणाऱ्या कंपनीकडून करवलेला. पाच जणांचं कुटुंब, चार वर्षं, आणि प्रत्येक हंगामात एकच छळ: कामाला कोण, शाळेत कोण? सगळ्यांना कामाला जुंपलं तर आजारपण, शाळेत धाडलं तर फी. भाच्याने एका पोराला शाळेतून काढलं आणि गप्प बसला. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातले बाक असेच रिकामे व्हायचे.

शेती पहिल्यात जास्त आहे, खरं. तरी मी पोरांना आधी आयितीच लावून देईन.