एमडीटीचं (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचं) पाकीट: कुष्ठरोगावरचं २८ दिवसांचं औषध

प्रौढांच्या मल्टिबॅसिलरी (शरीरात जंतू जास्त असलेल्या) कुष्ठरोगासाठीच्या या पाकिटाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या दिवशी रिफाम्पिसिन ६०० मिग्रॅ, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १००, आरोग्य कर्मचाऱ्यासमोर. उरलेले २७ दिवस घरी क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. अशी १२ पाकिटं. लघवी लालसर होते ती रिफाम्पिसिनमुळे, ते रक्त नव्हे. त्वचा काळवंडते ती क्लोफाझिमिनमुळे. ‘रोग वाढला’ असं समजून गोळ्या सोडणं सगळ्यात घातक. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने संपतो, त्यामुळे वेगळं ताट, वेगळी खोली अजिबात नको. आणि बोटं ‘झडत’ नाहीत: बधिर हाताला भाजलेलं कळत नाही, जखम चिघळते. गेलेली संवेदना हे पाकीट परत आणेलच असं नाही. अंगावर पुरळ आणि ताप आला, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.