कॉलेज संपल्यावर क्वार्टरबॅकने कुठे जावे: कॅनडा, युरोप की जपान?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दरवर्षी 32 संघ मिळून सुमारे 250 खेळाडू निवडतात आणि त्यांत क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारे आणि पास टाकणारे खेळाडू, जेमतेम डझनभर असतात. उरलेल्यांची अडचण इतर जागांवरच्या खेळाडूंपेक्षा वेगळी आहे. बचावफळीतला राखीव गडी सामन्यात दहा-वीस वेळा तरी मैदानात उतरतो. राखीव क्वार्टरबॅक मात्र डोक्यावर टोपी चढवून अख्खा हंगाम कडेला उभा राहू शकतो, आणि जो खेळलाच नाही त्याची पारख करायला पुढच्या प्रशिक्षकाकडे काही साधन उरत नाही. म्हणून ड्राफ्टबाहेर राहिलेल्या क्वार्टरबॅकने परदेशी संघाचा प्रस्ताव हाती आल्यावर पगाराच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात, असे माझे मत आहे: चेंडू आपल्या हातात किती वेळा येणार, आणि तो खेळ नंतर कोण पाहणार.

या दोन्ही कसोट्यांवर कॅनडा सर्वांत भक्कम ठरतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वॉरन मून याने 2 जानेवारी 1978 रोजी रोझ बोल या कॉलेज संघांच्या सामन्यात मिशिगनला 27-20 असे हरवले, सामन्याचा मानकरीही तोच ठरला. तरीही एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय क्वार्टरबॅककडे पाहण्याची त्या काळची नजर अशी होती की, त्याने जागा बदलून दुसरीकडे खेळावे असेच सुचवले जात होते. मूनने ड्राफ्टची वाट न पाहता कॅनडाच्या एडमंटन संघाशी करार केला. त्या संघाने 1978 ते 1982 अशी सलग पाच वर्षे ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगचे विजेतेपद, जिंकला, आणि 1983 च्या हंगामात मूनने पासच्या खेळावर 5,648 यार्ड कमावले. 1984 मध्ये तो अमेरिकेत परतून ह्यूस्टनच्या संघात आला तेव्हा एनएफएलचे संघ त्याच्यासाठी आपसात बोली लावत होते, आणि 2006 मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले. या कथेतला एक तपशील बहुधा गाळला जातो: सुरुवातीच्या हंगामांत मूनला टॉम विल्किन्सन या अनुभवी क्वार्टरबॅकबरोबर जागा वाटून घ्यावी लागली होती. कॅनडाला गेले की दुसऱ्या दिवशी संघ हाती येतो, अशा समजुतीत कोणी राहू नये.

कॅनडाचा खेळ क्वार्टरबॅकला मानवतो याचे कारण नियमांत आहे. दहा यार्ड गाठण्यासाठी तिथे अमेरिकेसारखे चार नव्हे, तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न, मिळतात, त्यामुळे पास टाकण्यावाचून गत्यंतर नसते. मैदान 65 यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा जवळजवळ बारा यार्डांनी जास्त, आणि प्रत्येक बाजूला बारा खेळाडू. धावत जागा बदलून पास टाकणाऱ्याला हे मैदान मोकळे रान वाटते. पाच फूट दहा इंच उंचीचा डग फ्लूटी 1984 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान, जिंकूनही अमेरिकेत ठसा उमटवू शकला नव्हता; कॅनडात त्याने 1991 च्या एकाच हंगामात 6,619 यार्डांचे पास टाकले आणि लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान सहा वेळा मिळवला. अडचण अशी की संघ अवघे नऊ आहेत. शिवाय प्रत्येक संघ आपल्या वाटाघाटींच्या यादीत 45 नावे राखून ठेवू शकतो, आणि ज्याच्या यादीत आपले नाव असेल त्याच संघाशी बोलणी करता येतात. आपले नाव कोणाच्या यादीत आहे, हे एजंटकडून आधी तपासून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. त्या संघात दोन तरुण क्वार्टरबॅक आधीच असतील, तर प्रस्तावाची किंमत निम्मी झाली असे समजावे.

युरोपचा विषय निघाला की कर्ट वॉर्नरचे नाव पुढे केले जाते, आणि माझ्या मते इथेच निर्णय घेणाऱ्याची फसगत होते. वॉर्नर नॉर्दर्न आयोवाचा. 1994 मध्ये त्याला कोणी निवडले नाही, एनएफएलच्या ग्रीन बे संघाने शिबिरातून घरी पाठवले, आणि काही काळ तो किराणा दुकानात रात्रपाळीला मांडणीवर माल लावत होता. 1998 मध्ये तो ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून खेळला, पासचे यार्ड आणि टचडाउन या दोन्हींत लीगमध्ये अव्वल राहिला, आणि 1999 च्या हंगामात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जखमी झाल्यावर सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकून देऊन त्या सामन्याचा मानकरी ठरला. (भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग उभारण्यासाठी ज्यांनी पैसा घातला त्यांत हाच वॉर्नर होता. तिचा 2012 चा पहिला हंगाम कोलंबोत झाला आणि तो पुणे मराठाज या संघाने जिंकला.) ही कथा खरी असली तरी ॲमस्टरडॅमचा तो संघ एनएफएलच्याच पैशावर चालणाऱ्या लीगमधला होता. वॉर्नरचा करार रॅम्सशी आधीच झालेला होता आणि रॅम्सनेच त्याला तिकडे पाठवले होते, त्यामुळे त्याचा प्रत्येक पास सेंट लुईसच्या कचेरीत पाहिला जात होता. ती लीग जून 2007 मध्ये बंद पडली. आज जर्मनीच्या किंवा ऑस्ट्रियाच्या क्लबशी करार करणाऱ्याच्या मागे असा कोणताही मूळ संघ उभा नसतो.

मग युरोपला जायचेच नाही का? खेळायला मिळण्याच्या कसोटीवर युरोप कॅनडाच्याही पुढे आहे. अमेरिकी खेळाडूंच्या संख्येवर तिथे मर्यादा असते, आणि ज्या मोजक्या जागा मिळतात त्यांतली एक क्लब बहुतेक वेळा क्वार्टरबॅकसाठीच खर्च करतो. तो पहिल्या सामन्यापासून संघ चालवेल, हे गृहीतच धरलेले असते. कॉलेज कोणत्या दर्जाचे होते हेही तिथे फारसे आड येत नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाचा जॅक्सन एर्डमन हा तिसऱ्या श्रेणीतला, म्हणजे क्रीडा-शिष्यवृत्तीच नसलेल्या श्रेणीतला खेळाडू. 2022 मध्ये व्हिएन्ना व्हायकिंग्जने युरोपियन लीग ऑफ फुटबॉलचे विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघाचा क्वार्टरबॅक तोच होता. मात्र मोबदला बेताचा असतो. राहण्याची जागा, विमानाचे तिकीट आणि खर्चापुरती रक्कम असा करार सर्रास होतो, आणि क्लबच्या कुमार संघाला शिकवण्याचे कामही पुष्कळदा त्यातच येते. संघटनाही डळमळीत आहे: 2025 मध्ये अनेक संघांनी त्या लीगविरुद्ध एकत्र येऊन आपली स्वतंत्र आघाडी स्थापन केली. करारावर सही करण्यापूर्वी पैसे लीग देणार की क्लब, आणि दुखापत झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाकडे, हे लेखी घ्यावे.

जपानची एक्स-लीग या दोन्हींहून निराळी आहे. फुजित्सू, पॅनासॉनिक यांसारख्या कंपन्यांचे संघ, आणि संघातले बहुतेक जपानी खेळाडू त्या किंवा दुसऱ्या कंपनीत नोकरी करून शनिवार-रविवारी सराव करणारे. तिथल्या दोन क्वार्टरबॅकांची कॉलेजची नोंद शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. लुइझियाना टेकच्या कोल्बी कॅमेरॉनने इंटरसेप्शन, म्हणजे पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणे, न होऊ देता सलग इतके पास टाकले की रसेल विल्सनचा 379 पासांचा विक्रम मोडला. यूसीएलएच्या केव्हिन क्राफ्टने 2008 च्या हंगामात 20 इंटरसेप्शन दिली, त्यांतली चार तर टेनेसीविरुद्ध एकाच सामन्याच्या पूर्वार्धात, आणि तरी तो सामना त्याने जादा वेळेत जिंकून दिला. पुढे एक फुजित्सूचा क्वार्टरबॅक झाला, दुसरा आयबीएमचा. ज्याला एनएफएलचा नाद सोडून काही वर्षे सन्मानाने खेळायचे आहे, भाषा शिकायची आहे आणि खेळानंतरच्या नोकरीची वाट शोधायची आहे, त्याच्यासाठी जपानइतकी शिस्तशीर जागा मला दुसरी दिसत नाही. परतीची वाट मात्र तिथून फारशी कोणाला सापडलेली नाही.

माझा कौल विचाराल तर मोठ्या कॉलेजात दोन हंगाम पूर्ण खेळलेल्याने कॅनडासाठी प्रयत्न करावा. लहान कॉलेजातल्याने किंवा राखीव म्हणून बसून राहिलेल्याने एक हंगाम युरोपात खेळून चित्रफीत तयार करावी आणि तीच कॅनडाच्या संघांना पाठवावी. हे ठरवताना दिनदर्शिका समोर असू द्यावी. युरोपातले क्लब आपला क्वार्टरबॅक साधारणपणे हिवाळ्यातच ठरवतात. एनएफएलचा ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस येतो, कॅनडाची शिबिरे मे महिन्यात भरतात आणि जपानचा हंगाम सप्टेंबरच्या आसपास सुरू होऊन जानेवारीत राइस बोल या अंतिम सामन्याने संपतो. ड्राफ्टची आणि मग कॅनडाच्या शिबिराची वाट पाहत थांबलेला खेळाडू जूनमध्ये मोकळा होतो, तेव्हा युरोपातल्या चांगल्या जागा भरून चार-पाच महिने उलटलेले असतात. मूनने एडमंटनच्या करारावर सही केली तेव्हा त्या वर्षीचा ड्राफ्ट व्हायला अजून काही आठवडे बाकी होते.