ते पांढरे केस आमच्या घरातले नव्हते

आमच्या घरात बंड्या नावाचा लॅब्रॅडॉर आहे आणि काजळ नावाची मांजर. दोघंही नखशिखांत काळी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे व्हॅक्यूम क्लीनरच्या खरेदीतली आमची फसवणूक उघडकीला आली ती याच गोष्टीमुळे.

लॅब्रॅडॉर पाळणाऱ्याला केसांबद्दल वेगळं सांगायला नको. ऋतू पालटताना आतली मऊ लोकर पुंजक्यापुंजक्यांनी सुटते आणि वरचे आखूड, ताठ केस बाराही महिने गळत राहतात. ही लोकर पंख्याच्या वाऱ्याने पलंगाखाली जमते, ती सहज उचलता येते. खरा त्रास त्या ताठ केसांचा. ते गालिच्यात सुईसारखे उभे घुसतात. झाडूने निघत नाहीत, साध्या व्हॅक्यूम क्लीनरने तर वरची धूळ तेवढी जाते आणि केस तिथेच राहतात. ओला रबरी हातमोजा घालून एका दिशेने ओढत राहिलं तर निघतात, पण रोज एवढं कोण करणार? त्यातून आईला दमा. म्हणून चांगलं यंत्र घ्यायचं ठरवलं. जाहिरातीत ‘पाळीव प्राण्यांच्या घरासाठी खास, घरी येऊन मोफत प्रात्यक्षिक’ असं होतं. फोन मीच केला.

आलेला माणूस अतिशय नम्र होता. आल्याआल्या बंड्याला कुरवाळलं. टीपॉयवर आईचा इन्हेलर होता, त्याच्यावर त्याची नजर गेली आणि लगेच विचारलं, “काकूंना श्वासाचा त्रास आहे का?” तेव्हा मला ती आपुलकी वाटली. आता कळतं, घरात शिरल्यापासून तो आमची दुखरी जागा शोधत होता.

पहिला प्रयोग गादीवर. नळीच्या जोडावर तो काळ्या कापडाची एक गोल चकती बसवायचा, दहा-बारा सेकंद गादीवर नोझल फिरवायचा, चकती काढून जमिनीवर ठेवायचा. प्रत्येक चकतीवर करडी भुकटी. अशा चौदा चकत्या त्याने आईच्या पायाशी ओळीने मांडल्या आणि म्हणाला, “काकू, हे सगळे किडे आहेत. रोज रात्री तुम्ही हे श्वासातून आत घेता.” आईचा चेहरा उतरला. त्या रात्री ती गादीवर झोपायला तयार नव्हती. या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गादीत माइट, म्हणजे धुळीतले सूक्ष्म किडे, असतात हे खरं आहे, आणि त्यांच्यामुळे दमा बळावतो हेही खरं. पण माइट जेमतेम पाव-एक तृतीयांश मिलिमीटरचा असतो आणि त्याची विष्ठा त्याहून कितीतरी बारीक. चकतीवर दिसते ती भुकटी मुख्यतः आपल्या त्वचेचा कोंडा, कापडाचे तंतू आणि साधी धूळ. कोणत्याही गादीतून, कोणत्याही बऱ्या यंत्राने ती निघते. दहा सेकंदांनी चकती बदलली की प्रत्येक चकती मळलेली दिसणारच. आमचं जुनं यंत्र शेजारीच उभं होतं. तीच चकती त्याला लावून बघा असं म्हणायचं मला सुचलं नाही.

दुसरा प्रयोग लोखंडी गोळ्याचा. नळीच्या टोकाला रबरी वाटी लावून त्याने पाच किलोंचा गोळा उचलून दाखवला. घरातली सगळी थक्क झाली. याचं गणित मी नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरकडून समजून घेतलं. वाटीचा व्यास दहा सेंटिमीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ होतं साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. यंत्राने आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबात दहा किलोपास्कल इतका फरक निर्माण केला, तर तेवढ्या जागेवर बाहेरची हवा जवळजवळ आठ किलोंचं वजन पेलते. दहा किलोपास्कल ही काही मोठी गोष्ट नाही. शिवाय तोंड गोळ्याने पूर्ण बंद झालेलं असतं, म्हणजे आतून हवा वाहतच नाही. केस उचलून यंत्रातल्या धुळीच्या भांड्यापर्यंत नेते ती वाहती हवा. तोंड बंद असताना ओढ सर्वांत जास्त आणि प्रवाह शून्य. तोंड मोकळं असताना याच्या उलट. गालिच्यावर काम होतं ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि गोळा उचलला म्हणून तिथलं काहीच कळत नाही.

मग त्याने खोक्यावरचा आकडा दाखवला, २२०० वॅट. आम्हीही तोच पाहून भुललो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं. किती साफ करतं याचं ते माप नाही. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तिथली घरं त्यानंतरही साफ होतातच. नोझलचा आकार, ब्रशची घडण आणि हवा कुठे गळत तर नाही ना, यावर सगळं अवलंबून असतं. पण ‘२२०० वॅट’ खोक्यावर ठसठशीत छापता येतं, नोझलची घडण छापता येत नाही.

शेवटी गुळगुळीत फरशीवर पांढरी पूड टाकून ती एका फटक्यात ओढून दाखवली. मी म्हटलं, “गालिच्यातले केस दाखवा ना.” त्याने कोपऱ्यात पडलेला लोकरीचा एक पुंजका उचलला आणि “बघा ताई, एकही राहिला नाही” म्हणाला. मोकळा पुंजका तर फुंकरीनेही हलतो. ज्या कामासाठी त्याला बोलावलं होतं तेवढं एक सोडून त्याने सगळं करून दाखवलं, आणि रुतलेले केस माझ्या पायाखाली होते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सवलत आजच्यापुरतीच. जुनं यंत्र बदलीत घेणार, तेही आत्ताच. दुसऱ्या दिवशी तो नवं खोकं घेऊन आला, “तुम्हाला कशाला त्रास, मीच जोडून देतो” म्हणत बाल्कनीत बसून त्याने ते उघडलं. आम्ही आत त्याच्यासाठी पाणी आणायला गेलो होतो. जुनं यंत्र त्याने गाडीत टाकलं, म्हणजे तुलना करायला घरात काही उरलं नाही. मी एका कागदावर सही केली. ‘नवीन व सीलबंद यंत्र मिळाले’ अशी ओळ त्यावर होती. ती मी वाचली नव्हती.

चौथ्या दिवशी ओढ कमी वाटायला लागली. फोन केला तर म्हणाला, “ताई, नवी मोटर आहे, पंधरा दिवस बसू द्या.” मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे नवं यंत्र पहिल्या दिवशीच सर्वांत चांगलं चालतं, कारण फिल्टर स्वच्छ असतो आणि भांडं रिकामं. युरोपीय संघात यंत्रांवर जे ऊर्जेचं लेबल लागायचं, ते न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरवलं, त्यामागचं कारण हेच होतं: चाचणी रिकाम्या भांड्यावर घेतली जायची, आणि घरात वापरताना भांडं रिकामं राहत नाही. त्या पंधरा दिवसांचा अर्थ मला नंतर कळला. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की खरेदी चौदा दिवसांत रद्द करता येईल.

याच काळात आईचा खोकला वाढला. यंत्र चालू केलं की तासाभरात तिच्या छातीत घरघर सुरू व्हायची. मागचं झाकण उघडलं तेव्हा फिल्टरच्या चौकटीबाहेर, पांढऱ्या प्लॅस्टिकवर, करड्या धुळीची बोटभर रुंद रेघ दिसली. हवा फिल्टरमधून न जाता कडेने निसटत होती. फिल्टरवर ‘हेपा टाइप’ असं होतं. हेपा म्हणजे अतिशय बारीक कणही अडवणारा फिल्टर. ‘टाइप’ हा शब्द आम्ही नजरेआड केला होता. खऱ्या एच-१३ दर्जाच्या हेपा फिल्टरने सर्वांत अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवायला हवेत. ‘हेपा टाइप’ला असं कोणतंच बंधन नाही. मांजराची ॲलर्जी केसांची नसते. फेल डी १ नावाचं प्रथिन तिच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होतं, अंग चाटताना केसांना लागतं आणि इतक्या बारीक कणांवर बसतं की ते तासन्‌तास हवेत तरंगतात. म्हणजे आम्ही जमिनीवरचं ते सगळं गोळा करून आईच्या नाकासमोर उडवत होतो. हे कळलं तेव्हा मला रडू आलं.

सोळाव्या दिवशी नोझलमधला रोलर, म्हणजे फिरणारा गोल ब्रश, फिरायचा थांबला. जळक्या रबराचा वास आला. नोझल उलटं करून मी रोलर बाहेर काढला. त्याच्या टोकाला नाण्याने फिरणारं टोपण होतं. ते काढलं. आत अक्षाभोवती केसांची घट्ट गुंडाळी बसली होती, शिलाई मशीनच्या बॉबिनवर दोरा भरावा तशी. वरचा थर काळा, आखूड केसांचा: बंड्याचे. कात्रीच्या टोकाने तो थर कापून काढला, तर खाली पांढरे केस. माझ्या बोटापेक्षा लांब, मऊ, रेशमासारखे. दोन-चार नाहीत, अख्खा थर, आणि त्याच्या खाली प्लॅस्टिक घासून-वितळून चकचकीत झालेलं. मी तो पुंजका तळहातावर घेऊन खिडकीत उभी राहिले. आमच्या घरात एकही पांढरं जनावर नाही, कधी आलेलंही नाही.

यंत्र कुणाच्या तरी घरात महिनोन्‌महिने चालून परत आलेलं होतं. बाहेरून पुसून, नव्या खोक्यात घालून ते आम्हाला दिलं. बुडाशी क्रमांकाचा कागद चिकटवलेला होता. त्याची कड नखाने उचलली तर खाली दुसरा कागद. वरचा क्रमांक खोक्याशी जुळत होता, खालचा जुळत नव्हता.

फोन केल्यावर आधी टोलवाटोलवी. मग उत्तर आलं की वापरलेलं यंत्र परत घेतलं जात नाही आणि ‘केस अडकून झालेला बिघाड’ वॉरंटीत बसत नाही. केस झडणाऱ्या प्राण्यांच्या घरासाठी खास म्हणून विकलेल्या यंत्राची ही वॉरंटी! जुनं यंत्र भंगारात गेल्याचंही त्याच फोनवर कळलं. मग मी तोंडी बोलणं बंद केलं. दोन्ही क्रमांकांचे फोटो, काळ्या-पांढऱ्या थरांचा फोटो, करड्या रेघेचा फोटो, फोन कधी केला आणि काय उत्तर मिळालं याच्या तारखा, सगळं लेखी पाठवलं. पांढरे केस पाकिटात घालून पावतीला टाचले. ग्राहक तक्रारीचा मसुदा सोबत जोडला. त्यानंतर भाषा बदलली, ‘प्रात्यक्षिकाचं यंत्र चुकून दिलं गेलं’ असं ते म्हणाले. बरेच पैसे परत आले, काही कापून घेतले. जुनं यंत्र गेलं ते गेलंच.

नवं घेताना मात्र मी तयारीने गेले. बंड्याला विंचरून निघालेले केस एका पिशवीत भरले, जुन्या गालिच्याचा हातभर तुकडा घेतला. दुकानात तो तुकडा पसरला, केस पसरले आणि चपलेने चांगले रगडून आत घुसवले. विक्रेत्याला ते आवडलं नाही, पण मी हटले नाही. तीन यंत्रं पाहिली. सर्वांत जास्त वॅटचं होतं त्याने निम्मे केस सोडले. त्याच्या नोझलमधला ब्रश फक्त हवेच्या झोताने फिरत होता आणि गालिच्यावर जरा दाबलं की मंदावत होता. ज्याच्या नोझलमध्ये स्वतंत्र मोटर होती आणि ब्रशला केसाळ दातांबरोबर रबरी पाती होती, त्याने दोन फेऱ्यांत तुकडा साफ केला. नोझलला मोटर आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे: नळी जिथे जोडतात तिथे आत विजेच्या जोडणीचे धातूची टोकं दिसतात. बिनतारी यंत्रही बघितलं. पूर्ण जोरावर ते काही मिनिटांतच दमलं. खोक्यावर छापलेला मिनिटांचा मोठा आकडा सर्वांत कमी जोरावरचा होता. आईच्या दम्यामुळे पिशवीचं यंत्र निवडलं. पारदर्शक भांड्याचं दिसायला छान, पण ते कचऱ्यात रिकामं करताना जो लोट उठतो तो आईला नको होता. केसांनी पिशवी लवकर भरते, तो खर्च आम्ही मान्य केला.

यंत्र घरी आलं तेव्हा सील मीच कापलं. क्रमांक खोक्याशी, पावतीशी जुळवला, कागदाची कड नखाने तपासली. मग रोलर काढून टोपण फिरवलं. आईने टॉर्च धरला. अक्ष कोरा होता, एकही ओरखडा नाही. पोचवायला आलेला मुलगा दारात थांबला होता, त्याला म्हटलं, “दे, आता सही करते.”